मैदान इथले, तालीम तिथली

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक हा या शहराच्या आठवणींचा चौक आहे. १८५७ साली हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील बंडखोर शिपायांना इंग्रजांनी ज्या शिक्षा दिल्या, त्यांची आठवण सांगणारा काळा चबुतरा इथला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाची पहिली पावले इथून पडली. शिवाजी महाराजांचा नवा, अधिक उंच अश्वारूढ पुतळा २०२२ मध्ये इथेच बसला. बंड, मोर्चे, जयंत्या यांचा हिशेब या चौकाने नीट ठेवला आहे. पण याच शहरात घडलेली एक घटना त्या हिशेबात फारशी दिसत नाही. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम वर्ष उलटले होते, आणि राज्यातल्या सर्वश्रेष्ठ पैलवानाला ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब देण्याची प्रथा सुरू झाली. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची ही स्पर्धा १९६१ साली पहिल्यांदा भरली ती पुण्यात नाही, कोल्हापुरात नाही, तर याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत. निजामी राजवटीतून बाहेर पडून तेरा वर्षे झालेल्या आणि नव्या राज्यात नुकत्याच सामील झालेल्या मराठवाड्याला तो मान मिळाला. किताब मात्र सांगली जिल्ह्याच्या दिनकर दह्यारींनी नेला.

पाहुणा पैलवान जिंकला यात वावगे काही नाही. फडाचा न्यायच तो. विचार करायला लावते ते पुढचे. २००७ साली ही स्पर्धा पुन्हा या शहरात आली, तेव्हाही किताब सांगलीच्याच चंद्रहार पाटलांकडे गेला. मधल्या शेहेचाळीस वर्षांत शहर कितीतरी पटींनी वाढले. औद्योगिक वसाहती आल्या, क्रीडासंकुल आले. मैदान भरवण्याची ऐपत होती, कुस्ती पाहायला येणारी माणसे तर नेहमीच होती. तरीही राज्याच्या कुस्तीत ज्या तालमींची नावे पुन्हा पुन्हा घेतली जातात, त्यांत इथली तालीम नाही. याचे उत्तर बहुतेक वेळा मातीत, पाण्यात किंवा रक्तात शोधले जाते. ‘कुस्ती कोल्हापूरच्या मातीतच आहे’ हे वाक्य कौतुकाचे आहे, पण इतिहास म्हणून ते लंगडे आहे. पैलवान घडतो तो दोन माणसांमुळे: पोराला हेरून तालमीत आणणारा आणि तालमीत त्याला घडवणारा वस्ताद. ही दोन माणसे जिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकली तिथे यश टिकले. जिथे ती नव्हती तिथली पोरे दुसरीकडे जाऊन मोठी झाली, आणि त्यांच्या मागे गावात फक्त अभिमान उरला.

कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ, कारण माझ्या म्हणण्याविरुद्ध पहिला पुरावा म्हणून तेच पुढे केले जाईल. कोल्हापूरची कुस्ती आपोआप उगवलेली नाही. १८९४ पासून १९२२ पर्यंत राज्य केलेल्या शाहू महाराजांनी ती जाणीवपूर्वक वसवली. त्यांनी तालमींना आश्रय दिला आणि पैलवानांच्या खुराकाची सोय लावली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पंजाब आणि उत्तरेकडचे नामांकित मल्ल त्यांनी कोल्हापुरात आणून ठेवले. १९०२ साली युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून खासबाग मैदानाची कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. १९०७ ते १९१२ या काळात ते बांधून झाले आणि कुठूनही बसले तरी हौदा दिसावा अशी त्याची घडण झाली. पण नुसत्या मैदानाने पैलवान झाले असते तर औरंगाबादनेही ते केले असते. उत्तरेचे मल्ल कोल्हापुरात राहिले, त्यांच्याशी रोज खडाखडी करून स्थानिक पोरांना नवे डाव कळले. ती पोरे पुढे वस्ताद झाली आणि त्यांच्या हाताखाली आणखी पोरे तयार झाली, म्हणून कोल्हापूर घडले. बाहेरचा माणूस आणला की घरचा मागे पडतो ही भीती आजही प्रत्येक खेळात व्यक्त होते. कोल्हापुरातल्याच तालीम मंडळांच्या फुटबॉल संघांत आफ्रिकेतले खेळाडू येऊ लागले तेव्हाही ती ऐकू आली. शाहू महाराजांच्या काळाचा अनुभव वेगळे सांगतो. बाहेरून आणलेला माणूस फक्त सामन्यापुरता आणला तर तो सामना जिंकून जातो. तो तालमीत राहिला तर मागे विद्या ठेवून जातो.

शिवाय ज्यांच्यामुळे कोल्हापूरचे नाव झाले, त्यांतले कितीतरी जण जन्माने कोल्हापूरचे नव्हतेच. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे आज कर्नाटकात असलेल्या एकसंब्याचे, घडले शाहूपुरी तालमीत. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे, घडले मोतीबाग तालमीत. १९६७ आणि १९६८ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले चंबा मुतनाळ बेळगाव भागातले. म्हणजे कोल्हापूरची ताकद तिथल्या मातीत जन्मलेल्या मुलांपुरती नव्हती. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या टापूतला तयारीचा पोरगा शेवटी कोल्हापूरच्या तालमीत येऊन पडेल, अशी जी व्यवस्था तिथे होती तिच्यात ती ताकद होती. आणि आलेला पोरगा नुसता लढून निघून गेला नाही. आंदळकर पुढे मोतीबागेचे वस्ताद झाले. त्यांचे पठ्ठे दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी. दादूंचे चिरंजीव विनोद चौगुले २००० साली महाराष्ट्र केसरी. चाळीस वर्षांची ही साखळी एकाच शिस्तीत ओवलेली आहे.

ही व्यवस्था चालते कशी, हे पाहायला गावच्या जत्रेकडे जावे लागते. जत्रेतला फड ही केवळ करमणूक नाही. दुपारी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. मग नारळाच्या, मग दहा-वीस रुपयांच्या आणि दिवस कलताना मोठ्या इनामाच्या. काठाला बसलेला वस्ताद शेवटची कुस्ती पाहायला आलेला असतो असे गर्दीला वाटते, पण त्याचे लक्ष बऱ्याचदा पहिल्या तासावर असते. कोणता पोरगा खाली गेल्यावर घाबरत नाही, कोणाची मान जाड आहे, कोण हरल्यावर पुन्हा जोड मागतो, हे तो पाहत असतो. मग बापाशी बोलणे होते. पोरगा तालमीत येतो, थोरल्या पैलवानांचे अंग रगडतो, हौद्यातली माती खणतो, जोर-बैठका काढतो आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याची पहिली मोठी जोड ठरते. ती जोड ठरवणे ही वस्तादाची खरी कसोटी. फार वरची जोड दिली तर पोरगा खचतो, फार खालची दिली तर फुगतो. खुराकाचा प्रश्न घरून येणारे दूध-तूप, गावचा एखादा धनवान, पुढच्या काळात साखर कारखान्यांचे मानधन अशा मार्गांनी सुटत गेला. निवड, निवास, खुराक, शिकवण आणि जोड यांतली एक कडी तुटली तरी पोरगा गावी परततो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पंचगंगा-कृष्णेच्या काठी ऊस आहे, म्हशी आहेत, घरात दूध आहे. मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही. भुकेल्या पोटी कुस्ती होत नाही, मग वस्तादाचे काय घेऊन बसलात? खुराकाला पैसा लागतो हे कबूलच आहे. पण हा आक्षेप पुरा पडत नाही, कारण कोल्हापूरची कुस्ती सहकारी साखर कारखान्यांच्या आधीची आहे. कारखान्यांनी तिला बळ दिले, जन्म दिला नाही. दुसरे असे की, राज्यातल्या अत्यंत कोरड्या भागांतून उत्तम पैलवान निघाले आहेत, आणि त्यांत मराठवाड्याचाच वाटा मोठा आहे. हरिश्चंद्र बिराजदार हे लातूरकडच्या निलंगा तालुक्यातले. १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरलाच भरली आणि बिराजदारमामांनी ती जिंकली. मराठवाड्याच्या मैदानात मराठवाड्याच्या पैलवानाचा तो विजय होता. पण त्याआधीची त्यांची घडण कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतली होती. कोरड्या रानातला पोरगा दूध-दुभत्याच्या मुलखातल्या पोरांना भारी पडला, तो त्याला तालीम मिळाल्यावर. पाऊस तोच होता, पोरगा तोच होता, बदलली होती ती शिकवण.

दुसरा आक्षेप राजाश्रयाचा. कोल्हापूरला शाहू मिळाले, मराठवाड्याला निजाम, त्यामुळे तुलनाच अन्यायाची, असे म्हणता येईल. परंतु हैदराबाद संस्थान गरीब नव्हते आणि खेळाविषयी उदासीनही नव्हते. हैदराबाद शहरात तालमी होत्या, पैलवानांना मान होता. आणि निवड व शिकवण यांनी काय घडते याचे, माझ्या मते, भारतीय खेळातले सर्वांत लखलखीत उदाहरण त्याच शहरातले आहे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. १९४० च्या दशकात हैदराबादच्या फुटबॉलची सूत्रे त्यांच्याकडे आली तेव्हा देशाचे फुटबॉल म्हणजे कलकत्ता असेच समीकरण होते. रहीमसाहेबांनी शहरातली पोरे हेरली. पोलीस दलातल्या नोकरीने त्यांच्या पोटाची काळजी मिटवली. त्यांनी जवळच्या, जमिनीलगतच्या पासचा खेळ शिकवला. खेळाडूचा कच्चा पाय पक्का व्हावा म्हणून केवळ त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा भरवल्या. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघात हैदराबादी खेळाडूंचा मोठा भरणा होता, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक मिळवले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही.

रहीमसाहेबांचे मोठे काम सुरू झाले तेव्हा औरंगाबाद त्याच संस्थानात होते, सुभ्याचे मुख्य ठाणे होते. तरी त्या फुटबॉलची लाट इथे पोहोचली नाही. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. रहीमसाहेब हैदराबादेत होते, पोलीस संघाच्या नोकऱ्या हैदराबादेत होत्या, रोजचा सराव हैदराबादेत होता. संस्थानाचा आश्रय राजधानीच्या वेशीपाशी थांबला. शाहूंचे राज्य लहान होते, त्यामुळे राजधानी आणि खेडे यांत एका दिवसाची वाट होती. पैलवान पोरगा सकाळी गावातून निघून संध्याकाळी तालमीत पोहोचत असे. निजामाच्या विस्तीर्ण राज्यात मराठवाडा हा एक दूरचा कोपरा राहिला. म्हणून राजाश्रयाचा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. आश्रय हवा, पण तो पोहोचायला हवा, आणि त्याला पोचवणारा माणूस हवा. १९४८ नंतर राजे गेले, संस्थाने गेली, तरी कोल्हापूरच्या तालमी चालू राहिल्या. कारण तोवर वस्तादांची परंपरा स्वतःच्या पायावर उभी होती. मराठवाड्यात राजवट बदलली तेव्हा सांभाळायला अशी परंपराच नव्हती, आणि नव्या राज्याने दिली ती स्पर्धा. तालीम दिली नाही.

‘खरा गुणवंत कुठेही चमकतो’ असा तिसरा सूर असतो आणि त्यासाठी खाशाबा जाधवांचे नाव घेतले जाते. कराडजवळच्या गोळेश्वरचा साधा मुलगा, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचे कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. खाशाबांची जिद्द अजोड होती, पण ते एकटे नव्हते. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. तिथे त्यांना गोविंद पुरंदरे यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकआधी रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना गादीवरच्या कुस्तीचे नियम आणि पकडी शिकवल्या. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे सहावा आला. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापूरच्या आठवणीत पक्के बसले आहे. कॉलेज, मार्गदर्शक, परदेशी प्रशिक्षक आणि घर गहाण टाकणारा प्राचार्य एवढे सगळे मिळाले, तेव्हा खाशाबांच्या गुणांना पदकाचे रूप आले. गोळेश्वरसारख्या गावांत खाशाबांइतके चपळ आणखी कोणी नव्हते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

बिराजदारमामांची पुढची गोष्ट तर या सगळ्याचा कळसच आहे. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालना चीत केले, ती कुस्ती आजही जुन्या शौकिनांच्या तोंडी आहे. पुढे दोघेही वस्ताद झाले. सतपालनी १९८८ पासून दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये पोरे घडवली. सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया ही ऑलिम्पिक पदकांची रांग त्याच आखाड्यातली. बिराजदारमामांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत बैठक मांडली. लातूर जिल्ह्यातले काका पवार त्यांच्याकडे घडले, अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले आणि पुढे पुण्यातच स्वतःची तालीम उभी करून बसले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी मामांकडे आला आणि २०११ मध्ये मामा गेल्यावर काका पवारांकडे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य. २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर उभे राहिले, आणि दोघेही काका पवारांचेच पठ्ठे होते. निलंगा, लातूर, पाटोदा अशा मराठवाड्याच्या भूमीतून निघालेली ही वस्तादकीची परंपरा आज महाराष्ट्रातल्या सर्वांत बळकट परंपरांपैकी एक आहे. ती वसली मात्र पुण्यात.

या शहराला शिकवणीचे वावडे आहे असेही नाही, हे तलवारबाजीने दाखवले आहे. जत्रेत तलवारबाजीचा फड लागत नाही आणि कोणाच्या आजोबांनी ती खेळलेली नसते. तिचे साहित्य महाग आणि नियम परके. कुस्तीच्या मागे असलेली लोकपरंपरा तिच्या वाट्याला आलेली नाही. तरीही महाराष्ट्राच्या तलवारबाजीत या शहराचे नाव मोठे आहे. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आले, झटून शिकवणारे प्रशिक्षक लाभले, शाळाशाळांतून मुले-मुली हेरली गेली. परंपरा नसलेला खेळ इथे रुजला आणि परंपरा असलेला बाहेर गेला. मातीचे गुण यशाला पुरेसे असते तर नेमके उलटे घडायला हवे होते.

कागदावर जिल्ह्यांची नावे पाहून समाधान मानणेही फसवे आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये जालन्यात, म्हणजे इथून तासाभराच्या अंतरावर, बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला. नोंद बुलडाण्याची, गाव सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले, तालीम आधी कोल्हापूरची आणि मग पुण्याची. विदर्भाला किताब मिळाला आणि तो आनंद खरा होता. पण त्या विजयाने बुलडाण्यात एक नवा हौदा खणला गेला का, हा प्रश्न विचारायला हवा. खेळाडू एका मोसमापुरता आपल्या नावावर लावून घेणे आणि खेळाडू तयार होतील अशी जागा उभी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचे छायाचित्र लगेच मिळते. दुसऱ्याला वीस वर्षे लागतात आणि त्या वीस वर्षांत कोणाचा सत्कार होत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. मराठवाड्याची पोरे पुण्यात जाऊन मोठी होत असतील तर बिघडले कुठे? पुणे काही परदेश नाही. जी पोरे जातात त्यांच्यापुरते हे खरे आहे. राहुल आवारेच्या घरी वडील स्वतः पैलवान होते. मुलाचे अंग काय म्हणते हे त्यांना कळत होते आणि त्याला कोणाकडे न्यायचे हेही. पण दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या बीडच्या कुटुंबातल्या पोराला हे सांगणारे घरात कोणी नसते. तो सहा महिने फडात असतो, उसाच्या फडात. गावची जत्रा येते तेव्हा तो गावातच नसतो. पुण्यातल्या तालमीचा महिन्याचा खुराक त्याच्या आईबापाच्या उचलीतून निघत नाही. मुलींची अडचण याहून मोठी, कारण तेरा वर्षांच्या मुलीला शेकडो किलोमीटरवर एकटी ठेवायला आईवडील धजत नाहीत. तिच्यासाठी मुक्कामाची तालीम एका एसटीच्या अंतरावर असेल तरच कुस्ती शक्य आहे. अशी तालीम संभाजीनगरात, बीडमध्ये, लातुरात उभी करायला नवे मैदान बांधायची गरज नाही, मैदाने आहेत. बिराजदारमामांच्या परंपरेत तयार झालेल्या, स्पर्धेतून निवृत्त झालेल्या मराठवाड्याच्या पैलवानांतले दोघे-तिघे पगारावर इथे बसवायचे, त्यांच्या हाती वसतिगृह आणि खुराकाची तरतूद द्यायची, जत्रांच्या हंगामात त्यांना गावोगाव फिरायला गाडी द्यायची, ऊसतोडीच्या तळांवरही पाठवायचे आणि निकालाची विचारणा दहा वर्षे करायची नाही.